दुखण्याआधीचा दवाखाना: गावातल्या सरकारी आरोग्यसेवा क्रमाने कशा मिळवायच्या

माझ्या थोरल्या काकूंना पहाटे चुलीपुढेच लकवा मारला. उजवा हात लुळा, तोंड वाकडं, शब्द जिभेवरच अडकलेले. तालुक्याला नेलं, तिथून जिल्ह्याला. तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "बीपीची गोळी कधीपासून बंद केली?" बंद करायला ती कधी सुरूच झाली नव्हती. काकूंचं वय तेव्हा त्रेपन्न होतं आणि त्यांच्या दंडाला बीपीचा पट्टा एकदाही लागलेला नव्हता. आमच्या घरापासून उपकेंद्र चारशे पावलांवर आहे. तिथे मशीन होतं, मोजणाऱ्या सिस्टर होत्या, गोळ्या होत्या आणि सगळं मोफत होतं. काकू तिथे नातवंडांना डोस द्यायला नेत. स्वतःसाठी कधी त्या खुर्चीवर बसल्या नाहीत, आणि आम्ही घरच्यांनीही कधी 'बसा' म्हटलं नाही.

त्यानंतर मी गावातल्या माणसांबरोबर दवाखान्यात, सेतूत, रेशन दुकानावर जायला लागले. एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. योजना आहेत, त्यांची नावंही लोकांनी ऐकलेली असतात, पण त्यांच्याकडे जायची वेळ चुकते. रुग्ण खाटेवर असताना रेशनकार्डावरचं नाव दुरुस्त करत फिरणं किंवा सातव्या महिन्यात पहिली नोंदणी करणं फार महागात पडतं. म्हणून खाली दिलेलं सगळं निरोगी असताना, शांतपणे, एकेक करून करायचं आहे. हे महाराष्ट्रातल्या खेड्यासाठी लिहिलं आहे.

पहिलं काम: आपला दवाखाना कोणता आणि आपली माणसं कोण

यासाठी एक संध्याकाळ पुरते. सपाट भागात साधारण ५,००० लोकवस्तीला आणि डोंगराळ-आदिवासी भागात ३,००० ला एक उपकेंद्र असतं. त्याच्या वर प्राथमिक आरोग्य केंद्र, म्हणजे आपण ज्याला पीएचसी म्हणतो ते, ३०,००० किंवा २०,००० वस्तीला. त्याच्यावर ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय. बऱ्याच उपकेंद्रांवर आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' अशी पाटी दिसेल. आधी त्यांनाच आरोग्यवर्धिनी केंद्र म्हणत. नाव बदललं म्हणून घाबरायचं कारण नाही, ते आपलंच जुनं उपकेंद्र आहे. फरक एवढाच की आता तिथे समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ, बसतात. त्या बीपी-शुगर तपासतात, औषध देतात आणि गरज पडली तर ई-संजीवनीवरून, म्हणजे सरकारी व्हिडिओ सल्लासेवेवरून, मोठ्या डॉक्टरांशी बोलणं करून देतात. त्वचेचा आजार किंवा बाईच्या तक्रारी अशा कित्येक गोष्टींसाठी जिल्ह्याची खेप यात वाचते.

माणसांमध्ये सगळ्यात जवळची आशाताई, साधारण हजार वस्तीला एक. गावातल्याच बाईला शिकवून आरोग्याचं काम तिच्या हाती द्यायचं, हे महाराष्ट्राने फार आधी करून पाहिलं आहे. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून, आणि नंतर गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी हे करून दाखवलं. मग २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा देशभर आली. आशाताईला महिन्याचा पूर्ण पगार नाही, बराचसा मोबदला कामावर मिळतो. तेव्हा ती दारात आली की दोन मिनिटं बसवून घ्या, तिची माहिती खरी भरून द्या. ती वही भरते म्हणूनच आपलं नाव यादीत येतं.

आशाताई, सिस्टर म्हणजे आरोग्यसेविका, आरोग्यसेवक, सीएचओ आणि पीएचसीचे वैद्यकीय अधिकारी यांचे फोन नंबर एका कागदावर लिहून घराच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. खाली मोठ्या अक्षरात लिहा: १०८ अपघात आणि अचानक आलेलं दुखणं, १०२ गरोदर बाई आणि तान्हं बाळ, १०४ आरोग्याचा सल्ला. मोबाइलमध्ये नंबर असतातच, पण ज्याचा मोबाइल आहे तोच बेशुद्ध पडला तर घरातल्या दहा वर्षांच्या मुलीला कागदच कामी येतो.

आणि पैशाचं म्हणाल तर, १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, पीएचसीपासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. सरकारी मेडिकल कॉलेजची रुग्णालयं वेगळ्या खात्याची, तिथे हा निर्णय लागू नाही. हा फरक आधीच माहीत असला की खिडकीवर वाद होत नाही.

दुसरं काम: तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची तपासणी

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा.

तीस वर्षांवरच्या प्रत्येक माणसाचा आशाताई एक फॉर्म भरते. सरकारी भाषेत त्याला सीबॅक म्हणतात. वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, अंगमेहनत, आई-वडिलांना बीपी-शुगर होती का, असे प्रश्न असतात. कंबरेला टेप लावते तेव्हा बायका लाजून पदर ओढून घेतात आणि 'लिही काहीतरी' म्हणतात. असं करू नका. बाईची कंबर ८० आणि पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या वर गेली की धोका वाढतो, म्हणून ते मोजतात. फॉर्ममध्ये चारपेक्षा जास्त गुण आले की तपासणीला आधी बोलावतात. चारच्या आत आले तरी तपासणी करायची असतेच.

तपासणीत पाच गोष्टी बघतात: बीपी, शुगर, तोंडाचा कर्करोग, स्तनाचा कर्करोग आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग. बीपी आणि शुगर दर वर्षी, बाकीच्या तीन दर पाच वर्षांनी.

बीपी नीट मोजलं जावं म्हणून आपल्याकडून काही काळजी घ्यायची. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, बिडी नको. शेतातून घाईने आला असाल तर पाच मिनिटं बाकावर पाठ टेकून बसा. पाय जमिनीला टेकलेले, हात टेबलावर, बाही वर. पोलक्याच्या घट्ट बाहीवर पट्टा बांधला तर आकडा चुकतो. त्या दिवशी सैल बाहीचं पोलकं घालून जावं, हे मी आमच्याकडच्या बायकांना आवर्जून सांगते. मोजताना बोलू नका. आकडा १४०/९० किंवा त्याच्यावर आला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजायला सांगा आणि दोन्ही आकडे वहीत लिहून घ्या.

काकूंच्या दुखण्यानंतर आम्ही घरातल्या सगळ्यांना एका बुधवारी उपकेंद्रात नेलं. माझी आई, धाकटी काकू, दोन चुलते, आत्या. सिस्टरनी आईचा पट्टा सोडला, परत बांधला, परत सोडला. मग मशीन आमच्याकडे वळवून दाखवलं: १७२/१०४. आई म्हणाली, "पण मला तर काहीच होत नाही." सिस्टर म्हणाल्या, "काकूंनाही काही होत नव्हतं." घरी परतताना आई एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने सकाळची गोळी एकदाही चुकवलेली नाही.

तोंडाच्या तपासणीला आपल्याकडे फार महत्त्व आहे, कारण तंबाखू नुसती पुरुष खात नाहीत. मिश्री लावणाऱ्या बायकांना आपण तंबाखू घेतो असं वाटतच नाही, ते दात घासणं वाटतं. आशाताईने विचारलं की 'नाही' म्हणतात. मिश्री, तपकीर, गुटखा, मावा, सगळं सांगा. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरलेला फोड, तिखट सहन न होणं, तोंडात तीन बोटं उभी न मावणं, यातलं काही असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता सांगा.

गर्भाशयमुखाच्या तपासणीचं नाव काढलं की निम्म्या बायका उठून जातात. म्हणून काय होतं ते सांगते. आतून व्हिनेगरसारखं एक सौम्य द्रावण लावतात, मिनिटभर थांबून बघतात, पांढरा डाग उठला तर पुढे पाठवतात. सुई नाही, कापाकापी नाही, पाच-दहा मिनिटांचं काम. तपासणी बहुधा पीएचसीत किंवा ग्रामीण रुग्णालयात होते. कोणत्या वारी होते आणि तपासणाऱ्या बाई आहेत का, हे आशाताईला आधी विचारून दोघी-तिघी मिळून जा. पाळीचे दिवस टाळा.

गोळी सुरू झाली की खरी परीक्षा असते. साधारण महिन्याभराच्या गोळ्या मिळतात. संपायच्या आधी दोन दिवस जा. बीपी आटोक्यात आलं म्हणजे गोळीने काम केलं, ती सोडायची वेळ आली असं नव्हे. आमच्याकडे ऊसतोडीला जाणारी घरं दिवाळीच्या आसपास बाहेर पडतात ती उन्हाळ्यातच परततात. अशांनी निघण्याआधी सीएचओंना स्पष्ट सांगावं, जास्त दिवसांच्या गोळ्या मागाव्यात आणि औषधाचं नाव, ताकद, शेवटचा आकडा लिहिलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत बरोबर ठेवावा. कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात तो कागद दाखवला की औषध पुढे चालू राहतं. बरोबर लहान मूल असेल तर त्याचं लसीकरणाचं कार्डही त्याच पिशवीत हवं.

तिसरं काम: कागद

तीन कागदांचा घोळ आहे आणि तो आधीच सोडवायला हवा.

पहिला, रेशनकार्ड आणि आधार. दोन्हींवरचं नाव, जन्मसाल आणि आडनाव जुळतंय का बघा. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव सासरच्या रेशनकार्डावर चढवलेलं नसतं, हा सगळ्यात जास्त दिसणारा गोंधळ आहे. माहेरच्या कार्डावरून कमी केल्याचा दाखला आणून सासरच्या कार्डावर नाव चढवून घ्या. तान्ह्या बाळांची नावंही राहतात. कार्डाचा बारा अंकी ऑनलाइन नंबर रेशन दुकानदाराकडून लिहून घ्या. आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला असू द्या, नाहीतर ओटीपी दुसऱ्याच कुणाच्या फोनवर जातो.

दुसरा, आयुष्मान कार्ड. हे उपचारांचं कार्ड. आशाताई, सेवा केंद्र किंवा मोबाइलवरचं आयुष्मान ॲप यांपैकी कुठेही आधारवरून ई-केवायसी, म्हणजे ओळखीची ऑनलाइन पडताळणी, करून निघतं. घरातल्या प्रत्येक माणसाचं वेगळं कार्ड असतं. कर्त्याचं काढलं म्हणजे सगळ्यांचं झालं असं नाही. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून वेगळं वय वंदना कार्ड आहे. त्याला घरच्या उत्पन्नाची अट नाही, आधार पुरतं, आणि वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. आजी-आजोबांच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, कष्टाने झिजलेले असतात. अशा वेळी ओटीपीने किंवा चेहरा दाखवून करायला सांगा, परत पाठवलं तर निराश होऊन सोडून देऊ नका.

तिसरा, आभा. चौदा अंकी नंबर. याने उपचार मोफत होत नाहीत. आपले रिपोर्ट आणि औषधांची नोंद एका नंबराखाली राहावी यासाठी तो आहे. आभा हातात घेऊन लोक ऑपरेशनला जातात आणि 'कार्ड चालत नाही' म्हणून परततात. दोन्ही कार्डांच्या झेरॉक्सवर पेनने लिहून ठेवा: 'हे उपचाराचं', 'हे नोंदीचं'.

सगळ्यांचे कागद एका फाइलमध्ये, दोन-दोन झेरॉक्स. फाइल कुठे आहे हे घरातल्या दोघांना तरी माहीत हवं.

चौथं: घरात बाळ येणार असेल

पाळी चुकली की आशाताईला सांगा. नोंदणी बारा आठवड्यांच्या आत झाली पाहिजे. पहिल्या तीन महिन्यांत कुणाला सांगू नये ही रीत मी समजू शकते, पण आशाताई आणि सिस्टर यांना सांगणं म्हणजे गावाला सांगणं नव्हे. नोंदणी झाली की माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं. किमान चार तपासण्या, त्यात दर वेळी वजन, बीपी, लघवी आणि रक्त. किमान १८० लोहाच्या गोळ्या आणि कॅल्शियम. लोहाच्या गोळीने शौच काळी होते, मळमळतं, म्हणून बऱ्याच जणी ती उंबऱ्याबाहेर टाकतात. रात्री जेवणानंतर घेतली, लगेच चहा घेतला नाही आणि त्याबरोबर लिंबू किंवा आवळा असला तर पचते. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेऊ नका, सकाळ-दुपारला ठेवा.

दर महिन्याची ९ तारीख लक्षात ठेवा. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात त्या दिवशी सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून तपासणी होते. चौथ्या महिन्यानंतर निदान एकदा तरी ही तारीख गाठायचीच. रक्त कमी, बीपी जास्त, जुळं, आधीचं सिझेरियन, असं काही असेल तर ते जोखमीचं म्हणून कार्डावर लिहितात आणि बाळंतपण कुठे करायचं ते तिथेच ठरतं.

पैसे दोन वाटांनी येतात. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये, त्यातले ३,००० नोंदणी आणि तपासणीनंतर, २,००० बाळाचा जन्मदाखला आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्यावर. दुसरी मुलगी झाली तर ६,००० एकरकमी. सरकारी नोकरीतल्या बाईला ही योजना नाही. अर्ज अंगणवाडीसेविका किंवा आशाताईकडे. दुसरी वाट जननी सुरक्षा योजना. ग्रामीण भागात दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या बाईला दवाखान्यात बाळंतपण झालं की ७०० रुपये. दोन्हींचे पैसे बाईच्या स्वतःच्या, आधारला जोडलेल्या खात्यात येतात. नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं खातं चालत नाही. खातं चौथ्या-पाचव्या महिन्यातच उघडा.

आणि हे ठामपणे लक्षात ठेवा: २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, तपासण्या, जेवण, घरून नेणं आणि परत आणून सोडणं, सगळं मोफत आहे. एका दवाखान्यात आमच्याबरोबरच्या एका घराला बाहेरून सलाईन आणि हातमोजे आणायला चिठ्ठी दिली गेली. त्या माणसाने मेडिकलमध्ये उधारी केली आणि आणून दिलं. आम्ही ती चिठ्ठी घेऊन वैद्यकीय अधीक्षकांकडे गेलो, योजनेचं नाव घेतलं, तेव्हा सामान आतूनच मिळालं. चिठ्ठी मिळाली तर ती टाकू नका, आधी विचारा.

बाळ घरी आलं की आशाताई पहिल्या ४२ दिवसांत सहा वेळा येते: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी बाळंतपण झालं तर पहिल्याच दिवसापासून, म्हणजे सात वेळा. ही घरभेटीची पद्धत गडचिरोलीतल्या कामातून देशाला मिळाली. तिथे नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले होते. सुवेराची खोली म्हणून तिला दारातून परतवू नका. हात धुवायला पाणी-साबण द्या आणि बाळाचं वजन करू द्या. बाळ दूध ओढत नाही, अंग गार पडलं, श्वास धापेचा, बेंबीतून पू, तळवे पिवळे, यातलं एक जरी दिसलं तरी १०२ ला किंवा १०८ ला फोन.

मेळघाट, नंदुरबार, गडचिरोली, पालघरसारख्या भागांत नवसंजीवनी योजनेखाली भरारी पथकाचे डॉक्टर पाड्यांवर येतात. अंगणवाडीत गरोदर आणि स्तनदा मातांना अमृत आहार योजनेचं रोजचं ताजं जेवण असतं. ते तिथेच बसून खायचं. डबा घरी नेला की तो सगळ्या घरात वाटला जातो.

पाचवं: मुलं

लसींसाठी एवढं पाठ करा: पाच वर्षांत सात वेळा. जन्मल्यावर लगेच, मग सहा, दहा आणि चौदा आठवडे, नऊ महिने, सोळा ते चोवीस महिने, आणि पाच वर्षं. पुढे दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची. लस दिल्यावर ताप येतो म्हणून पुढची टाळणारी घरं अजून आहेत. ताप येणं अपेक्षित आहे, सिस्टर गोळी देतात. एखादी तारीख चुकली तर सुरुवातीपासून करावं लागत नाही, जिथे थांबलं तिथून पुढे चालतं. म्हणून उशिरा जायला संकोच नको.

अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा डॉक्टरांचं पथक येतं. हा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, ज्याची २०१३ साली सुरुवात आपल्या पालघरमधूनच झाली. जन्मजात हृदयाचं छिद्र, फाटलेला ओठ, वाकडं पाऊल, ऐकू न येणं, तिरळेपणा, सगळं बघतात आणि शस्त्रक्रियेपर्यंत नेतात. त्या दिवशी पोराला शेतावर नेऊ नका. तारीख मास्तरांना किंवा अंगणवाडीताईंना विचारा. खेळताना ओठ निळे पडतात, दोन घास खाल्ले की दम लागतो, असं काही घरी दिसत असेल तर ते चिठ्ठीवर लिहून मुलाबरोबर द्या. पथकाला एका मुलाजवळ फार वेळ नसतो, घरच्यांनी बघितलेलं त्यांना दिसेलच असं नाही.

सहावं: खोकला, चट्टा आणि सिकलसेल

दोन आठवड्यांवर खोकला राहिला की बेडका तपासायचा. तपासणी आणि संपूर्ण औषध मोफत, आणि उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १,००० रुपये (नोव्हेंबर २०२४ आधी ५०० होते). यासाठीही खातं हवं. क्षयरोग खासगी डॉक्टरांकडे सापडला तरी नोंद होते आणि हे पैसे मिळतात, त्यांना तसं सांगा. अंगावर फिकट चट्टा असेल आणि त्याला स्पर्श कळत नसेल तर तो कुष्ठरोगाचा असू शकतो. औषध पीएचसीत मोफत आहे आणि वेळेत घेतलं तर हात-पाय वाकडे होत नाहीत.

विदर्भात आणि आदिवासी पट्ट्यात सिकलसेलची, म्हणजे आई-वडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी लग्नाआधी करावी, आणि मी म्हणेन पत्रिकेच्या आधी. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. चाळिशीच्या आतल्यांची तपासणी मोफत होते. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, तो ठणठणीत असतो. ज्याला आजारच आहे त्याला २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचा दाखला मिळू शकतो आणि एसटीत प्रवासाची सवलत आहे. बोहल्यावरून मोडलेल्या लग्नापेक्षा आधी केलेली तपासणी कितीतरी दयाळू आहे.

सातवं: मोठं दुखणं आलंच तर

१०८ ला फोन करताना गाव, तालुका, जिल्हा आणि जवळची मोठी खूण सांगा: पाण्याची टाकी, शाळा, फाटा. वस्ती आत असेल तर एकजण टॉर्च घेऊन फाट्यावर उभा राहू दे. साप चावला तर चिरा, दोरी, मंत्र यात एक मिनिटही घालवू नका, हातपाय हलवू न देता पीएचसी गाठा. प्रतिसर्पविष तिथे असतं, निघतानाच फोन करून विचारून घ्या. कुत्रं चावलं तर आधी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवा, मग दवाखाना. सगळे डोस पूर्ण करायचे.

ऑपरेशन किंवा भरतीचं दुखणं असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली हीच ती. आता ती आयुष्मान भारतबरोबर जोडलेली आहे आणि पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. ५ लाख घराला मिळून, माणशी नव्हे. क्रम असा:

१. दवाखान्यात जाण्याआधी १५५३८८ किंवा १८००२३३२२०० वर फोन करा. आजार सांगा आणि जवळचं अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेलं, रुग्णालय विचारा. रुग्णालय योजनेत असलं तरी प्रत्येक आजारासाठी असतंच असं नाही, म्हणून 'या ऑपरेशनसाठी आहे का' असं नेमकं विचारा.

२. पीएचसी किंवा ग्रामीण रुग्णालयातून संदर्भ चिठ्ठी घ्या. तपासण्यांचे रिपोर्ट जोडा.

३. रुग्णालयात पोचलं की डॉक्टरांच्या आधी आरोग्यमित्राची, म्हणजे तिथे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाची, खिडकी शोधा. रेशनकार्ड, आधार, आयुष्मान कार्ड तिथे द्या. नोंदणी करायच्या आधी कुठल्याही कागदावर 'स्वखर्चाने' अशी सही करू नका. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने घाईत तशी सही केली आणि नंतर योजनेत बसायला जागाच उरली नाही.

४. मंजुरी ऑनलाइन येते. तातडीचं असेल तर उपचार आधी सुरू होतात, कागद मागून देता येतात. हे आरोग्यमित्राकडून वदवून घ्या.

५. पॅकेजमध्ये खाट, ऑपरेशन, औषधं, तपासण्या, रुग्णाचं जेवण आणि घरी जायचं भाडंही धरलेलं असतं. वर पैसे मागितले तर पावती मागा आणि तिथूनच १५५३८८ लावा.

आजार योजनेच्या यादीत नसेल तर धर्मादाय रुग्णालय बघा. ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर दुर्बल. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. उत्पन्नाचा दाखला दरवर्षी काढून ठेवायची सवय लावा, शाळेच्या कामालाही येतो.

आठवं: सेवा मिळत नसेल तर

गोळ्या संपल्या आहेत, उपकेंद्राला कुलूप आहे, मशीन बंद आहे, असं होतं. सिस्टरशी भांडू नका, कारण औषध वरून येतं आणि बऱ्याच वेळा दोन उपकेंद्रं त्यांच्या एकटीवर असतात. तारीख घालून साध्या कागदावर लिहा: अमुक दिवशी अमुक औषध मिळालं नाही. एक प्रत पीएचसीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना द्या आणि दुसरीवर पोच घ्या. पंधरा दिवसांत हललं नाही तर तालुका आरोग्य अधिकारी, मग जिल्हा आरोग्य अधिकारी.

याहून जवळचा रस्ता गावातच आहे. प्रत्येक महसुली गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. गावच्या आरोग्यासाठी तिला दर वर्षी १०,००० रुपयांपर्यंत अबंधित निधी मिळू शकतो, आणि तो कशावर खर्च करायचा हे समितीच ठरवते. ग्रामसभेत उठून दोन प्रश्न विचारा: समितीची शेवटची बैठक कधी झाली आणि निधी कशावर खर्च झाला. आमच्या गावात हे पहिल्यांदा विचारलं तेव्हा सभा गप्प झाली. दुसऱ्या सभेला सरपंच स्वतः वही घेऊन आले. शिल्लक निघाली. त्यातून उपकेंद्रात बीपीचं दुसरं मशीन आलं, जाड दंडाला बसेल असा मोठा पट्टा आला आणि बायकांच्या तपासणीच्या खोलीला पडदा लागला. आता दर बुधवारी काकूंना आम्ही व्हीलचेअरवर तिथवर नेतो. पडद्याशेजारच्या बाकावर त्या डाव्या हाताने बायकांना खुणावतात: आधी बस, पाच मिनिटं बस, मग हात दे.